छोटे कीबोर्ड आणि कंट्रोलची जागा : पार्श्वभूमी

ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांत हल्ली काही डेव्हलपरांच्या सॅकमधून ४०-६० बटणांचे कीबोर्ड निघतात. काहींचे तर मधोमध दोन तुकडे असतात. स्क्रीनवर नुसतं टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, माउस बाजूला सारलेला. शेजारचे याला फॅड म्हणतात; वापरणारे कंट्रोल (Ctrl) बटणाच्या आजच्या जागेला आणि मनगटदुखीला बोल लावतात. पण यातलं निम्मं जुनंच आहे.

टाइपरायटर, क्वर्टी हे सगळ्यांना माहीत आहे. इथे महत्त्वाचा काळ त्यानंतरचा, जुन्या टर्मिनलचा, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्क्रीन-कीबोर्डच्या जोडीचा. १९७६ च्या सुमारास व्हीआय (vi) हा प्रोग्रामरांचा, माउसशिवाय चालणारा टेक्स्ट एडिटर घडला तो एडीएम-३ए टर्मिनलवर. त्यावर बाण छापलेले होते एच, जे, के, एल या बटणांवरच. एस्केप क्यूच्या डावीकडे, म्हणजे आज टॅब असतो तिथे, आणि कंट्रोल ए अक्षराला चिकटून. आज जे शॉर्टकट विक्षिप्त वाटतात, ते त्या मांडणीत हाताखालीच होते.

१९८१ च्या आयबीएम पीसीच्या ८३ बटणांच्या कीबोर्डवरही कंट्रोल ‘ए’च्या शेजारीच होता. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीवरही. नंतर, १९८५-८६ मध्ये, १०१ बटणांचा कीबोर्ड आला. त्यात कंट्रोल गेला खालच्या कोपऱ्यात आणि त्याच्या जागी बसलं कॅप्स लॉक. वाद आहे तो या निर्णयाचा.

निर्णयाला कारण होतं. कॉम्प्युटर घेणारी कचेरी टाइपरायटर काढून तो बसवत होती, आणि टायपिस्टला लॉकचं बटण तिथेच हवं होतं. ठाण्यात टायपिंग क्लास केलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. शिवाय उजवीकडेही एक कंट्रोल मिळाला, आणि कोपऱ्यातलं बटण तळहाताच्या कडेने दाबता येतं, असंही समर्थक सांगतात. तरी दिवसभर कंट्रोल लागणाऱ्याच्या करंगळीला कोपऱ्यात धाडून, क्वचित लागणाऱ्या बटणाला मोक्याची जागा देणं प्रोग्रामरच्या दृष्टीने उफराटंच होतं. (मराठी टायपिंगच्या इनस्क्रिप्ट मांडणीत ‘ख’, ‘घ’ शिफ्टने उमटतात, कॅप्स लॉकचं तिथेही काही काम नाही.) १९९६ मध्ये जपानमध्ये ६० बटणांचा हॅपी हॅकिंग कीबोर्ड निघाला, तो कंट्रोल पुन्हा ‘ए’च्या शेजारी घेऊनच.

मनगटाच्या दुखण्याचं सगळं खापर मात्र कंट्रोलवर फोडता येणार नाही. लॅपटॉपचा स्क्रीन आणि बटणं एकमेकांना जोडलेली; एक नीट उंचीवर आणलं की दुसरं चुकतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घणसोली-कळव्याच्या वन बीएचकेत लॅपटॉप आला डायनिंग टेबलवर, आणि माना आखडल्यावर लोकांनी तो पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून वेगळा कीबोर्ड जोडला. अनेकांचा या प्रकारात शिरकाव झाला तो असा, व्हीआयच्या प्रेमातून नव्हे.

कॅप्स लॉकचा कंट्रोल सॉफ्टवेअरनेही करता येतो, मग वेगळा कीबोर्ड कशाला? परदेशी बँकांचं काम असलेल्या ऑफिसांत मशीनवर अ‍ॅडमिन राइट्स नसतात, काही इन्स्टॉल करता येत नाही. क्यूएमकेसारखं फर्मवेअर (कीबोर्डच्या आतलंच सॉफ्टवेअर) असलेल्या कीबोर्डमध्ये बदललेली मांडणी कीबोर्डच्याच चिपमध्ये राहते. मशीनला तो साधा यूएसबी कीबोर्ड दिसतो. त्यात ठरलेली डेस्क गेली, रोज मिळेल तिथे बसायचं. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत १०४ बटणांचा कीबोर्ड कोण वागवणार? काही ऑफिसांत आता बाहेरचा कीबोर्ड लावायलाही आयटीची परवानगी लागते, आणि आयटीकडे त्या विनंतीचं ‘तिकीट’ टाकताना कारणाच्या रकान्यात सगळे ‘मनगटदुखी’च लिहितात.