कालाहारीचा रेशमी पतंग आणि त्याच्या झाडांची नावे

'आफ्रिकन रेशीम' या एकाच नावाखाली निदान तीन वेगवेगळे पतंग खपतात. नायजेरियातल्या योरुबा विणकरांचे सान्यान कापड अनाफे पतंगाच्या अळ्यांनी मिळून बांधलेल्या घरट्यांतून येते. मादागास्करचे लांदिबे रेशीम बोरोसेरा या पतंगाचे. मृतांना गुंडाळायची वस्त्रे तिथे त्याचीच विणतात. तिसरा म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिणेकडल्या कोरड्या पट्ट्यातला गोनोमेटा. हे टिपण त्याच्यापुरते, आणि त्यातही मुख्यतः गोनोमेटा पोस्टिका या जातीपुरते. विदर्भात ऐन-अर्जुनावर टसरचे कोष पाहिलेल्यांना याचा कोष ओळखीचा वाटेल, पण तेवढ्यावर जाऊ नये. टसरचा पतंग एका कुळातला, हा दुसऱ्या.

शास्त्रीय नोंद जुनी आहे. १८५५ साली लंडनच्या एका संग्रहालयाने छापलेल्या पतंगांच्या यादीत पोस्टिकाचे वर्णन आले. तिची बहीण म्हणावी अशी गोनोमेटा रुफोब्रुनिया १९२२ साली नोंदली गेली. त्याच्या कितीतरी आधीपासून कालाहारीतले मूळ रहिवासी सान लोक हे रिकामे कोष गोळा करत होते, पण कापडासाठी नव्हे. कोषात खडे किंवा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे भरायचे, ते दोरीत ओवायचे आणि नाचताना पायांत बांधायचे. आपल्याकडे चाळ बांधतात तसेच, फक्त आवाज कोरडा, खुळखुळ्यासारखा.

दोन्ही जातींच्या प्रदेशातला फरक अळीच्या खाण्यावरून समजतो. रुफोब्रुनिया मोपाने झाडाला चिकटून राहते. त्यामुळे ती ईशान्य बोत्स्वाना, नैर्ऋत्य झिंबाब्वे आणि दक्षिण आफ्रिकेचा उत्तर भाग अशा मोपानेच्या रानात आढळते. तिथे तिला दुसऱ्या एका पतंगाच्या अळीशी पाल्यासाठी स्पर्धा करावी लागते. ती अळी लोक वाळवून खातात आणि बाजारात तिला चांगला भावही मिळतो. पोस्टिकाचे खाणे मात्र पसरट आहे. नामिबिया, बोत्स्वाना, दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे इथपासून थेट केनियापर्यंत तिच्या नोंदी आहेत, आणि जवळपास प्रत्येक जुन्या नोंदीत खाद्यझाड म्हणून एकच शब्द दिसतो: अकेशिया.

घोळ इथेच आहे, आणि तो आपल्या बाभळीपर्यंत येऊन पोहोचतो.

अकेशिया ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, तेराशेच्या वर जातींची होती. त्यांतल्या हजाराच्या आसपास एकट्या ऑस्ट्रेलियात. पुढे अभ्यासकांना दिसत गेले की हा एक वंश नाही, अनेक वंश एका नावाखाली कोंबलेले आहेत. ते वेगळे करायचे तर जुने नाव कुणाकडे ठेवायचे? नामकरणाचा साधा नियम असा, की नाव नमुनाजातीबरोबर, म्हणजे ते नाव ज्या एका जातीला बांधलेले असते तिच्याबरोबर जाते. अकेशियाची नमुनाजात होती बाभूळ, म्हणजे नाईलच्या काठापासून महाराष्ट्रातल्या शेतांच्या बांधांपर्यंत उभी असलेली तीच. नियम पाळला असता तर 'अकेशिया' हे नाव बाभूळ आणि तिच्या आफ्रिकी भावंडांकडे राहिले असते आणि ऑस्ट्रेलियातल्या झाडांना नवे नाव घ्यावे लागले असते.

तसे झाले नाही. ऑस्ट्रेलियाच्या बाजूने प्रस्ताव आला की नमुनाजातच बदलावी, कारण हजार नावे बदलण्यापेक्षा दीड-दोनशे बदलणे सोपे. एका समितीने त्याची शिफारस केली. २००५ साली व्हिएन्नात वनस्पतिशास्त्रज्ञांच्या जागतिक सभेत मतदान झाले, तेव्हा सुमारे ५५ टक्के मते शिफारशीच्या विरोधात पडली. पण शिफारस फेटाळायला ६० टक्के मते हवी होती, म्हणून ती टिकली. बहुमत हरले आणि प्रस्ताव जिंकला! कार्यपद्धती नियमाला धरूनच होती असे एक बाजू आजही सांगते, आणि ते खोटे नाही. तरीही पुढची सहा वर्षे यावर वाद धुमसत राहिला. २०११च्या सभेत निर्णय पक्का झाला. ती सभा मेलबर्नला भरली होती, हा योगायोगच म्हणायचा. ग्रीकमधल्या काट्याच्या शब्दावरून आलेले नाव आता अशा झाडांकडे आहे, ज्यांतल्या बहुतेकांना काटेच नाहीत.

बाभूळ आता कागदोपत्री व्हॅचेलिया, आणि खैर सेनेगालिया. आफ्रिकेत हेच विभाजन गोनोमेटाच्या ताटात झाले. जुन्या यादीत 'अकेशिया' म्हणून एकत्र बसलेली तिची खाद्यझाडे दोन गटांत गेली: कालाहारीतले मोठे काटेरी झाड आणि छत्रीसारखे सपाट माथ्याचे झाड व्हॅचेलियात, तर काळ्या काट्यांचे झुडूप सेनेगालियात. १९८०च्या दशकातला अहवाल आणि २०१५ नंतरचा लेख शेजारी ठेवला, तर अळीने आहार बदलला की काय असे वाटावे. वितरणाचे नकाशे खाद्यझाडांवरून काढले जातात, म्हणून हा घोळ नुसता शब्दांपुरता राहत नाही. शिवाय त्या मोठ्या काटेरी झाडाचे इंग्रजी नावही चुकलेले आहे. त्याला उंटाचा काटा म्हणतात, पण मूळ आफ्रिकान्स नावात उंट नाही, जिराफ आहे. उंट भाषांतरात घुसला.

जीवनचक्र त्या मानाने सरळ. तिथला हिवाळा संपताना, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, पतंग बाहेर पडतात. प्रौढ पतंगाला काही खाता येत नाही. अळीने साठवलेल्यावरच त्याचे थोडे दिवस निघतात. मादी जड, अंड्यांनी भरलेली, नर तिच्यापेक्षा लहान. अळी सहा अवस्थांतून जाते आणि अंगावरच्या केसांनी चांगलीच झोंबते. ते केस कोषातही विणले जातात, त्यामुळे कोष वेचणारे हात सांभाळून असतात. उन्हाळ्यात पहिली पिढी कोषात जाते. त्यातल्या काहींतून लगेच दुसरी पिढी निघते, काही मात्र पुढच्या वसंतापर्यंत तसेच पडून राहतात. पाऊस लहरी असलेल्या प्रदेशात ही विभागणी सोयीची. दुसरी पिढी कोषातच हिवाळा काढते.

कोष दगडासारखा कठीण असतो, कारण अळी त्यावर कॅल्शियम ऑक्झलेटचा थर देते. तो झाडावर वर्षानुवर्षे टिकतो, आणि अभ्यासकांना याचा मोठा उपयोग झाला. टोकाला मोठे भोक असेल तर पतंग सुखरूप निघाला. बारीक भोके असतील तर परजीवी माशी किंवा गांधीलमाशीने त्याला आतच संपवले. एका झाडाखाली उभे राहून मागच्या काही हंगामांचा हिशेब असा मांडता येतो.

पहिल्या महायुद्धापूर्वी जर्मन आणि ब्रिटिश वसाहतींत अनाफेचा व्यापारी उपयोग करण्याचे प्रयत्न झाले. गोनोमेटाकडे धंद्याची नजर गेली ती बऱ्याच उशिरा. १९८०च्या दशकात बोत्स्वानात कोषांची उचल वाढली आणि नंतर कोष मिळेनासे झाले. अतिवेचणीला दोष दिला जातो आणि त्यात तथ्य असणारच. पण या पतंगाची संख्या मुळातच एखाद्या वर्षी उसळते आणि पुढे कोसळते, हे त्या हिशेबात फार कमी लोक धरतात. पतंग निघून गेल्यावरच कोष वेचायचा, हा दंडक नामिबियातल्या लिओनार्डविल आणि केनियातल्या म्विंगी भागातल्या पुढच्या प्रकल्पांनी घेतला. गुरांच्या मालकांची तक्रार वेगळीच. दुष्काळात जनावरे शेंगांबरोबर खाली पडलेले कोषही खातात, रेशीम पचत नाही, पोटात त्याचा गोळा होतो आणि जनावर मरते. त्यांच्या दृष्टीने वेचणारे जितके जास्त नेतील तितके बरे.

धागा सलग उलगडता येत नाही म्हणून हे रेशीम कापसासारखे कातावे लागत होते. २०११ साली प्रयोगशाळेत कोषावरचा खनिज थर विरघळवून लांब धागा काढून दाखवला गेला. रानात मात्र प्रश्न झाडांचाच राहिला आहे. जिराफाच्या काट्याचे झाड दक्षिण आफ्रिकेत संरक्षित आहे, तरी मांस भाजायला त्याच्या लाकडाला मागणी असतेच. काळ्या काट्याचे झुडूप नामिबियात इतके माजले आहे की ते तोडून कोळसा पाडतात. पोस्टिकाच्या अळ्या दोन्ही झाडांवर पोसतात.