डीओएम ऊर्फ एसटीपी

डीओएम हे लॅबमध्ये बनवलेलं सायकेडेलिक, म्हणजे भास घडवणारं ड्रग. एलएसडीचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, याचं फारसं कुणी नाही, आणि ज्यांनी ऐकलंय त्यांना ते बहुतेक १९६७ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या घोळामुळेच माहीत असतं.

अमेरिकन केमिस्ट अलेक्झांडर शुल्गिन यांनी १९६३ मध्ये ते बनवलं, तेव्हा ते डाऊ केमिकलमध्ये नोकरीला होते. पेयोटे निवडुंगातलं भास घडवणारं द्रव्य म्हणजे मेस्कलीन, त्याच्या रेणूत इकडचं तिकडे केलं तर काय होतं हे बघत बसायचा त्यांना नाद होता. हे त्यातूनच निघालं, आणि मेस्कलीनला शेकडो मिलिग्रॅम लागतात तिथे याचे ३ ते १० मिलिग्रॅम पुरतात. मेंदूत ते एलएसडीसारखंच सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या २ए रिसेप्टरवर (ते रसायन जिथे जाऊन बसतं त्या जागेवर) जाऊन काम करतं, पण कूळ ॲम्फेटामिन या उत्तेजकाचं, त्यामुळे भासांसोबत छातीत धडधड, बीपी वर, बुबुळं मोठी आणि झोपेचं तर नावच नको. रंग भडक होतात, भिंती श्वास घेतायत असं वाटतं, घड्याळाचा हिशोब सुटतो, आणि हे सगळं १४ ते २० तास चालू शकतं. म्हणजे सकाळी घेतलं तर मध्यरात्र उलटली तरी माणूस त्यातच!

घोळ असा झाला की १९६७ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोतल्या हाइट-ॲशबरीच्या हिप्पी वस्तीत हे एसटीपी नावाने आलं. ऑव्स्ली स्टॅन्ली हा तिथला प्रसिद्ध एलएसडीवाला, त्याच्याकडूनच ते पसरलं. लोक नावाचा अर्थ 'सेरेनिटी, ट्रँक्विलिटी, पीस' असा सांगायचे, पण एसटीपी हा गाडीच्या इंजिन ऑइलमध्ये टाकायच्या ॲडिटिव्हचाही ब्रँड होता, तेव्हा नावाची गंमत कुठून आली ते कळतंच. सुरुवातीच्या गोळ्या २० मिलिग्रॅमच्या होत्या, म्हणजे एकच गोळी पुरेशा डोसच्या किमान दुप्पट, त्यात हे चढायला दीड-दोन तास घेतं आणि पूर्ण भरात यायला त्याहून जास्त. एलएसडीची सवय असलेल्यांनी तासभर वाट बघितली, काहीच होत नाही म्हणून दुसरी गोळी गिळली. (होळीला भांग पिऊन 'मला काय चढत नाय' म्हणत दुसरा ग्लास मारणारे आपल्याकडेही कमी नाहीत.) मग दोन्ही एकदम चढल्या. घाबरलेली, हे आता कधी उतरणारच नाही असं वाटणारी पोरं दवाखान्यांत यायला लागली. पुढे गोळ्या १० मिलिग्रॅमच्या केल्या पण तोवर नाव खराब झालं होतं. माझ्या मते ड्रगपेक्षा त्या गोळीच्या मापाचा दोष जास्त, अर्थात त्याने ते सेफ ठरत नाही.

१९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात ते सगळ्यात कडक यादीत आहे, आणि भारतात एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली बंदी आहे. आता ते दिसतं ते मुख्यतः संशोधनात: उंदराला डीओएम दिलं असेल तर एक खटका दाबायचा, साधं सलाइन दिलं असेल तर दुसरा, असं खाऊची लालूच दाखवून शिकवतात, आणि मग नवीन एखादं केमिकल देऊन तो कुठला खटका दाबतो ते बघतात, म्हणजे ते केमिकल त्याला डीओएमसारखं वाटतंय का ते कळतं.