बीपी-शुगरच्या सरकारी तपासणीला पिवळं रेशनकार्ड लागत नाही

‘सरकारी पैसा फक्त ॲडमिट झाल्यावर मिळतो, तोही पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना’ हा समज वर्षानुवर्षं गावोगाव फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी माणसं वेळेत तपासणीच करून घेत नाहीत याचं वाईट वाटतं.

गोंधळ होतो तो दोन प्रकारच्या योजनांची सरमिसळ झाल्यामुळे. महात्मा फुले योजना आणि आयुष्मान कार्ड दवाखान्यातल्या उपचारांसाठी आहेत. रक्तदाब, मधुमेह, कर्करोग वेळीच ओळखण्यासाठी २०१० पासून वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून त्याला निधी येतो. महाराष्ट्रात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. तिशीपुढच्या कुणाचीही तपासणी मोफत होते. उत्पन्नाची अट नाही.

आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तो याच कामाचा. तंबाखू खाता का, आईवडिलांना शुगर होती का, आठवड्यात १५० मिनिटं तरी अंगमेहनत होते का, असे प्रश्न असतात. टेपने कंबर मोजतात: बाईची ८० आणि पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या वर गेली की आजाराचा धोका दाखवणारे गुण वाढतात. एकूण गुण चारच्या वर गेले तर तपासणीसाठी आधी बोलावतात. गुण कमी असले तरी तपासणी होतेच.

‘रेशन बंद करायला माहिती घेतात’ म्हणून काही घरं दार लावून घेतात. त्या फॉर्मचा रेशनशी काडीचाही संबंध नाही. आशाताई आल्या तर खरी उत्तरं द्या, आणि आल्या नाहीत तर उपकेंद्रात जाऊन बीपी मोजून घ्या.