‘बाहेरून एम.ए.’ म्हणजे नेमकं कुठून?

पन्नाशीला टेकलेला माणूस एम.ए. करतोय म्हटलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो: “बाहेरून का?” सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणाऱ्यासाठीही हाच शब्द आणि मुलांची लग्नं उरकून इतिहास वाचायला घेणाऱ्या बाईंसाठीही हाच. या एका शब्दात तीन-चार वेगळ्या व्यवस्था कोंबल्या आहेत. कलाशाखेकडे उशिरा परतणाऱ्यांची गेल्या पंधरा-सोळा वर्षांत जी ओढाताण झाली, तिच्यातली बरीचशी याच घोळातून आली.

मुळात १८५७ साली मुंबईत विद्यापीठ निघालं ते लंडनच्या धर्तीवर, आणि तेव्हा ते शिकवत नव्हतंच. शिकवायचं महाविद्यालयांनी, परीक्षा विद्यापीठाने घ्यायची. लंडनने पुढच्याच वर्षी महाविद्यालयात नाव घालण्याची अटही काढली. अभ्यास कुठेही करा, परीक्षेला या. आपण ती अट ठेवली, हजेरीपटासकट. मग शंभर वर्षांनी पोस्टाने धडे पाठवायची सोय झाली: दिल्लीत १९६२, मुंबईत १९७१. मुक्त विद्यापीठं त्यानंतरची. पहिलं १९८२ साली हैदराबादेत, राष्ट्रीय पातळीवरचं १९८५चं, आपलं नाशिकचं १९८९चं.

पण नव्वदीत आणि त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं ‘एक्स्टर्नल’ म्हटलं की निमशहरी महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे यायचं ते वेगळंच. नोंदणी करायची, अभ्यासक्रमपत्रिका मिळवायची, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका झेरॉक्स करून आणायच्या आणि मार्च-एप्रिलमध्ये थेट परीक्षेला बसायचं. मधल्या काळात विद्यापीठ तुमची चौकशी करत नसे, तुम्ही त्याची करत नसा. डी.एड. करून लागलेले गुरुजी, बँकेतले कारकून, लग्नात बी.ए.वर थांबलेल्या गृहिणी असे लोक यायचे. विषय बहुतेक मराठी, हिंदी, इतिहास, राज्यशास्त्र, कारण प्रॅक्टिकल नाही. वर्गात बाकावर एक एकविशीतला मुलगा आणि शेजारी चष्मा पुसत बसलेल्या काकू, दोघांपुढे एकच प्रश्नपत्रिका. तीन तास सलग लिहायची सवय मोडलेली. दुसऱ्या प्रश्नापर्यंत बोटं आखडायची आणि पुरवणी मागायला हात वर होईपर्यंत मनगट बधिर. गाइडं घोकून पास होणारेही पुष्कळ होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता शब्दांकडे. ‘बहिःस्थ’ म्हणजे विद्यापीठावर शिकवण्याची जबाबदारी नाही, फक्त परीक्षा. ‘दूरस्थ’ म्हणजे शिकवण्याची जबाबदारी आहे, फक्त अंतर आहे. स्वयंअध्ययनाची पुस्तकं, अभ्यासकेंद्र, रविवारची संपर्कसत्रं, स्वाध्याय हे सगळं विद्यापीठाने द्यायचं. ‘मुक्त’ हा शब्द शिकवण्याच्या पद्धतीबद्दल नाहीच, तो प्रवेशाच्या दाराबद्दल आहे: आधीची पायरी चढलेली नसली तरी आत या. बारावी नसलेल्याला पूर्वतयारी अभ्यासक्रम करून बी.ए.ला बसायची वाट नाशिकने काढली, ती त्या अर्थाने मुक्त. जाहिरातींत आणि बोलण्यात मात्र तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले गेले, आणि घोटाळा तिथेच झाला.

कारण काही राज्यांतल्या विद्यापीठांनी ‘मुक्त’चा अर्थ पार टोकाला नेला आणि पदवी नसलेल्यांना थेट एम.ए. देऊ केलं. तमिळनाडूतल्या एका पदावरच्या नेमणुकीचा वाद त्यावरून सर्वोच्च न्यायालयात गेला. २००९ साली निकाल लागला: पहिल्या पदवीविषयीचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे १९८५चे नियम मुक्त विद्यापीठांनाही बंधनकारक आहेत, पदवीशिवाय मिळवलेली पदव्युत्तर पदवी चालणार नाही. निकाल योग्यच होता. त्यातून लोकांनी काढलेला अर्थ चुकीचा होता. ज्यांनी रीतसर बी.ए. करून पुढे एम.ए. केलं, त्यांनाही “तुमचं ते बाहेरचं ना, ते आता चालत नाही” असं ऐकावं लागलं.

पुढची पावलं याच संशयातून पडली. दूरशिक्षणावरची देखरेख २०१३ साली आयोगाकडे आली, २०१७ साली नवे नियम आले, त्यांत विद्यापीठाला ‘नॅक’च्या मूल्यांकनात मिळालेल्या श्रेणीच्या अटी आल्या. शिकवायचं नाही, फक्त परीक्षा घ्यायची या प्रकाराला त्या चौकटीत जागा नव्हती. पुण्याच्या विद्यापीठाने बहिःस्थ नोंदणी बंद करून दूरस्थ अभ्यासक्रम आणले. नियम करणाऱ्यांची बाजू कागदावर बिनतोड आहे: पदवी द्यायची तर शिकवा. पण वीस वर्षं नोकरी केलेल्या वाचकाला शिकवणी नको होती, त्याला परीक्षा हवी होती. स्वाध्यायाची वही अमुक तारखेला अमुक केंद्रावर नेऊन द्यायची, तर तालुक्याला जायला त्या दिवसाची रजा लागते. हे गणित कोणत्याच मसुद्यात दिसत नाही.

२०२२ साली आयोगाने पुन्हा एकदा स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. त्याच वर्षी दोन पदव्या एका वेळी करायलाही मुभा मिळाली. ‘नेट’ ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा देऊन सहायक प्राध्यापक व्हायला कमाल वयाची अट नाही, संशोधनवृत्तीला मात्र तिशीची आहे.

दूरस्थ नको, रीतसर वर्गात बसायचं असं ठरवलं तर खिडकीवर पहिल्यांदा विचारतात ते गॅप सर्टिफिकेट. १९९४ ते आजपर्यंत कुठेही प्रवेश घेतला नव्हता, असं स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र. तीस वर्षांच्या संसाराचं सरकारी नाव ‘खंड’. अर्जात पालकाच्या सहीचा रकाना असतो; तिथे काय लिहायचं, ते टेबलावरचा कारकून ठरवतो. बहुधा स्वतःचीच सही चालते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात एम.ए.ची पुनर्रचना झाली, ती २०२३-२४पासून. पहिल्या वर्षात संशोधनपद्धतीचे ४ क्रेडिट आहेत, तसेच ४ ऑन जॉब ट्रेनिंगचे, काही ठिकाणी त्याऐवजी क्षेत्रप्रकल्प. बाविशीतल्या मुलांसाठी ते ठीकच. जन्मभर पोस्टात किंवा एसटीत काढलेल्या माणसाने कोणाच्या हाताखाली शिकाऊ म्हणून उभं राहायचं, हे सध्या प्रत्येक विभाग आपापल्या समजुतीने निभावून नेतोय.