ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट लागली?

लहानपणी मला ताप आला की आजी मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन माझ्यावरून ओवाळायची आणि चुलीत टाकायची. मिरच्या जळायच्या. कुणाला ठसका लागला नाही, की म्हणायची, "बघ, दृष्ट लागलीच होती." दोन दिवसांत ताप उतरायचा.

यात तर्क होता. दिसलेल्या खुणेवरून न दिसलेल्या गोष्टीकडे जाणं म्हणजे अनुमान. तत्त्वज्ञानाच्या शाखांपैकी खरोखर काय अस्तित्वात आहे हे सत्ताशास्त्र विचारतं, कसं वागावं हे नीतिशास्त्र, सुंदर कशाला म्हणावं हे सौंदर्यशास्त्र. पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती ज्ञानमीमांसा. तिचा प्रश्न आपण रोज एकमेकांना विचारतो: "हे तुला कशावरून कळलं?"

या प्रश्नाचं उत्तर बदललं की माणसाचं जगच बदलतं. चार्वाकांनी प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं खात्रीचं साधन, म्हणून फक्त प्रत्यक्ष (इंद्रियांनी थेट कळणं) मानलं, म्हणून परलोक त्यांच्या लेखी उरला नाही. दिङ्नागासारख्या बौद्ध आचार्यांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणं मानली, त्यामुळे वेदवचन हे त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रमाण ठरलं नाही. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांनी, उपमान (साम्यावरून कळणं) आणि शब्द (विश्वासू माणसाचं सांगणं) धरून चार मानली, तर मीमांसक कुमारिल भट्टांनी सहा.

अनुमान कुठे फसतं, हे नैयायिकांनी फार बारकाईनं पाहिलं. डोंगरावर धूर दिसला तर तिथे आग आहे, हे बरोबर. मग आग आहे म्हणून धूर असेलच का? लोहाराच्या भट्टीतून काढलेला तापून लाल झालेला गोळा पाहा. त्यात आग आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. अशा लपून राहिलेल्या अटीला त्यांनी 'उपाधी' म्हटलं (पदवी या अर्थाचा शब्द वेगळा).

आता तो ताप घ्या. सर्दीबरोबर येणारा साधा ताप बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत आपणहून उतरतो. इथली उपाधी म्हणजे गेलेले दिवस. ती पकडायची तर दृष्ट न काढलेल्या मुलांचाही ताप बघायला हवा. जे असताना होतं, ते नसताना होत नाही ना, ही तपासणी म्हणजे अन्वय-व्यतिरेक. औषधाच्या चाचणीत एका गटाला खरं औषध न देता तुलना करतात, त्यामागे हाच विचार आहे.

आणि शब्दप्रमाण? कुणाचा शब्द मानायचा? न्यायसूत्रांवर भाष्य लिहिताना वात्स्यायन सांगतात की ज्याला ती गोष्ट स्वतः नीट कळली आहे आणि जशी आहे तशी सांगायची इच्छा आहे, तो आप्त. पुढे ते म्हणतात की ऋषी, आर्य, म्लेच्छ, सगळ्यांना हेच लक्षण लागू. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचं हे वाक्य वाचलं की मी दर वेळी थांबतो. मोठेपण, कुळ, वेश यांतलं काहीच त्यात नाही.

आजी लाकूड नुसतं हातात घेऊन सांगायची, "हे ओलं आहे, धूर करील." त्या बाबतीत ती आप्त होती. तापाच्या बाबतीत नव्हती.