पाणी कुठं आहे आणि चावी कुणाच्या हातात

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली, ते दृश्य साऱ्या देशानं पाहिलं. त्याच्या आदल्या महिन्यातली गोष्ट मात्र मागे पडली. लातुरात पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती कलम 144 लावावं लागलं होतं. दंगलीच्या वेळी लावायची जमावबंदी हंड्या-घागरींच्या रांगांसाठी लावली गेली.

टंचाई आली की माणसं भांडतात, हे खरं आहे, पण तेवढ्यानं काही उलगडत नाही. आफ्रिकेतल्या 41 देशांचा 1981 ते 1999 या काळाचा एक गाजलेला अभ्यास 2004 मध्ये आला. पाऊस दगा देतो, उत्पन्न घटतं आणि पुढच्या वर्षी यादवी संघर्षाची शक्यता वाढते, असं त्यात दिसलं. मात्र दुष्काळ सारखाच असूनही एका देशात बंदुका निघतात आणि शेजारच्या देशात निघत नाहीत. असं का, याचं एक उत्तर जमिनीतच सापडतं.

सिएरा लिओनमधले बरेच हिरे नदीकाठच्या गाळात पसरलेले आहेत. फावडं आणि चाळणी असली की कुणीही काढावेत. 1991 ते 2002 या यादवीत बंडखोरांनी तेच विकून शस्त्रं घेतली. बोट्स्वानातले हिरे खोल खडकात आहेत. ते काढायला प्रचंड खाणी आणि यंत्रं लागतात, त्यामुळे ताबा सरकार आणि कंपनीकडेच राहिला. तिथला कारभारही बरा होता, हे धरायलाच हवं. पण बंडखोराच्या खिशात मावेल असा हिरा तिथं नव्हता, हेही तितकंच महत्त्वाचं.

लपायला जागा आहे का, हा दुसरा प्रश्न. डोंगराळ मुलूख आणि पलीकडे आसरा देणारी सीमा असेल तर लढा तग धरतो. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला हे सांगावं लागत नाही. 1947-48 मध्ये निजामाच्या हद्दीबाहेर उभ्या राहिलेल्या सरहद्दीवरच्या कॅम्पांमुळेच हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांना आत येऊन कारवाया करता आल्या.

आजचं आपलं भांडण पाण्याचं आहे, आणि ते दोन प्रकारचं आहे.

पहिलं गोदावरीचं. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे 76 टीएमसी (अब्ज घनफूट), पण नदीच्या वरच्या अंगाला नाशिक-नगरची धरणं. चावी वरच्यांच्या हातात. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जायकवाडीत 65 टक्के पाणी नसेल तर वरून सोडायचं, असं सूत्र ठरलं आणि 2016 मध्ये उच्च न्यायालयानंही समन्यायी वाटपाचं तत्त्व मान्य केलं. तरीही मोर्चे निघतात, रास्ता रोको होतो. तरी इथं किती पाणी आहे ते मोजता येतं, दरवाजे दिसतात, कुणाविरुद्ध कोर्टात जायचं ते कळतं.

दुसरं भांडण जमिनीखालचं, आणि मला तेच जास्त अवघड वाटतं. आपल्या पायाखाली लाव्ह्याचे थर आहेत. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते राहतं वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. सामाईक विहिरीवर भाऊबंदांची पाळी ठरलेली असते. विहीर किती परस भरली ते सगळ्यांना वाकून बघता येतं, म्हणून कुरबुर झाली तरी पाळी चालते. बोअरचं तसं नाही. बांधापलीकडच्या चुलतभावानं सहाशे फूट बोअर घेतला आणि महिन्याभरात माझा आटला, तर भेग एकच होती की माझा आटणारच होता, हे कोण सांगणार? पुरावा नसतो, संशय तेवढा उरतो. वर्षानुवर्षं कायद्याची धारणाही हीच होती की जमीन ज्याची, खालचं पाणी त्याचं. 2009 च्या महाराष्ट्र भूजल कायद्यानं त्याला मर्यादा घातली, पण गावात तो कायदा जाणवतो कुठं?

हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घेण्यावरच बंदी घातली आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिकं ठरवायला सुरुवात केली. तिथं पाऊस आपल्यापेक्षा जास्त पडतो असं नाही. तो गाव नगर जिल्ह्यातला, म्हणजे जायकवाडीच्या वादात आपल्या समोरच्या बाजूचा. शिकायला त्यानं काही बिघडत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. निदान ते आकडे तरी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, पेरणीआधी, खडूनं लिहिले जावेत.