कृष्णेची माती समुद्रात जाऊन काय करते?

दर पावसाळ्यात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाणी बघायला गर्दी झाली की एक वाक्य कानावर येतंच, "एवढं पाणी, एवढी माती, सगळं समुद्रात वाया चाललंय." पाण्याचं राहू दे, सांगलीत त्यावर बोलायला लागलं की गाडी थेट कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला जाते आणि मग कुणी कुणाचं ऐकत नाही. मातीबद्दल मात्र बोलूया, कारण नदीची माती समुद्रात काय काम करते ही गोष्ट मला जाम आवडते आणि शाळेत ती कुणी सांगितली नव्हती.

आधी भूगोल. कृष्णामाई महाबळेश्वरला निघते, तिथून अरबी समुद्र जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर, पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून १४०० किलोमीटर चालत जाते आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे आपल्या मातीचा हिशोब तिकडचा.

आता समुद्र. वरच्या उजेडाच्या थरात डोळ्याला न दिसणाऱ्या वनस्पती असतात, फायटोप्लँक्टन, मराठीत वनस्पती प्लवक. पृथ्वीवरचं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण हेच करतात, वर्षाला साधारण ५० अब्ज टन कार्बन पकडतात. पण पकडलेला बहुतेक माल तिथल्या तिथे खाल्ला जातो, खाणारे श्वास सोडतात, कार्बन डायऑक्साइड परत पाण्यात. उजेडाच्या थरातून निसटून खाली जातो तो वर्षाला ५ ते १२ अब्ज टन, आणि १००० मीटरच्या खाली गेला की शेकडो वर्षं हवेला भेटत नाही. याला जैविक पंप म्हणतात. तो बंद पडला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड १५० ते २०० पीपीएमनी (पीपीएम म्हणजे दर दहा लाख भागांत किती भाग) वाढेल असा अंदाज आहे, आणि आज तो ४२० च्या वर आहे, बघा म्हणजे किती मोठी भानगड आहे.

पण खरी गंमत "खाली जातो" या दोन शब्दांत आहे, कारण तो जायलाच नको खरं तर! एकटी प्लवक पेशी दिवसाला मीटरभर किंवा त्याहून कमी बुडते. ३००० मीटरचा तळ गाठायला आठ वर्षं, आणि पेशीचं आयुष्य काही दिवसांचं, मेली की जिवाणू टपलेलेच. मग ती पोचते कशी? एक म्हणजे कोपेपॉडसारखे बारीक प्राणी प्लवक खातात आणि त्यांच्या लेंड्या घट्ट असल्यानं झपाट्यानं बुडतात. शिवाय यातले बरेच प्राणी रात्री वर येऊन चरतात, दिवसा खाली काळोखात लपतात, म्हणजे जेवण वर आणि बाकीचे उद्योग खाली. आणि तिसरं, माझं लाडकं, सागरी हिम. प्लवकांतून साखरेच्या जातीचा चिकट पदार्थ पाझरतो, त्यात मेलेल्या पेशी, कवचं, लेंड्या, जिवाणू चिकटून चुरमुऱ्याच्या लाडवासारखा गोळा होतो, आकारानं मोठा पण हलका आणि पोकळ.

आता हा लाडू बुडायचा वेग. स्टोक्सचा नियम सांगतो की वेग त्रिज्येच्या वर्गावर आणि घनतेतल्या फरकावर अवलंबून असतो. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ (ग्रॅम दर घन सेंटिमीटर), सेंद्रिय पदार्थाची धरा १.०६, फरक फक्त ०.०३५. चिकणमातीची घनता २.६५ च्या आसपास. त्या सेंद्रिय मालात आकारमानानं फक्त ५ टक्के माती मिसळली तर सरासरी होते १.१४, म्हणजे फरक ०.११५, तिपटीच्या वर! वेगही तेवढ्याच पटीत (गोळा पोकळ असला की त्यात पाणीच जास्त, त्यामुळे दोन्ही फरक लहान होतात, पण पट तीच राहते, कागदावर करून बघा). आणि वेग तिप्पट म्हणजे जिवाणूंना खायला मिळणारा वेळ एक तृतीयांश. नदीच्या मातीचं काम हेच, वजन देणं.

हे नुसतं कागदावरचं नाही. १९८० च्या दशकात गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीतलं हॅम्बुर्ग विद्यापीठ यांनी आधी अरबी समुद्रात आणि मग बंगालच्या उपसागरात खोलवर नरसाळ्यासारखे सापळे लावले, वरून पडणारा माल ठराविक दिवसांनी वेगवेगळ्या बाटल्यांत जमा व्हायचा. उपसागरात नद्यांच्या गोड्या पाण्याचं झाकण बसतं, खालची खतं वर येत नाहीत, म्हणून तिथलं प्लवकांचं पीक अरबी समुद्रापेक्षा कमी, तरी पावसाळ्यात नद्या माती घेऊन आल्या की सापळ्यात भरपूर कार्बन. यात मोठा वाटा अर्थात गंगा-ब्रह्मपुत्रेचा. कृष्णेचा गाळ बराचसा धरणांतच बसतो, तरी दख्खनच्या काळ्या मातीतलं स्मेक्टाइट हे खनिज उपसागराच्या पश्चिम भागात ओळखू येतं. काही संशोधक मात्र उलट म्हणतात, माती गोळ्याला ओढत नाही, चिकट गोळाच वाटेत माती गोळा करतो. मला वाटतं दोन्ही होत असावं, भांडण अजून मिटलेलं नाही.

(यावरून कुणी निर्माल्य नदीत सोडायला "वैज्ञानिक कारण" शोधू नये. निर्माल्य घाटाच्या कडेलाच कुजतं, त्यातला कार्बन हवेत परत.)

तसाच एक हाइप लोखंडाचा. समुद्रात लोह टाका, प्लवक फोफावेल, हवामानबदल खलास! २००९ मध्ये भारत-जर्मनीच्या लोहाफेक्स मोहिमेत दक्षिण महासागरात ३०० चौरस किलोमीटरवर लोह टाकलं. प्लवक वाढलं, पण तिथल्या पाण्यात सिलिका कमी, त्यामुळे सिलिकाचं काचेसारखं जड कवच बांधणारे डायटम नावाचे प्लवक वाढलेच नाहीत, जे वाढलं ते कोपेपॉडनी फस्त केलं आणि खाली गेला अगदी थोडा कार्बन. नुसतं पीक काढून भागत नाही.

आणखी एक घोळ. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण पाव हिस्सा समुद्र घेतो हे खरं, पण तो मुख्यतः पाण्यात विरघळून, हवेत जास्त झाला म्हणून. जैविक पंप कारखान्यांच्या आधीपासून चालूच होता, आपल्या धुरासाठी त्यानं जादा पाळी लावलेली नाही. उलट विरघळलेल्या वायूनं पाण्याची आम्लता वाढतेय, आणि त्यानं चुन्याचं कवच बांधणाऱ्या कॉकोलिथोफोर आणि फोरॅमिनिफेरा या बारीक जीवांना त्रास होतो, म्हणजे जिथे नदीची माती पोचतच नाही अशा भर समुद्रात जे या गोळ्यांना वजन पुरवतात त्यांनाच.